ताटाची डावी बाजू

मृगाचे दोन-चार पाऊस पडून गेले की आमच्या भिवंडीच्या बाजाराचं रूप पालटतं. तीनबत्तीला नेहमीच्या गाड्या असतातच. त्यांच्यावर भेंडी, गवार, फ्लॉवर, सिमला मिरची असा बारा महिने तेरा काळ तोच माल. पण रस्त्याच्या कडेला, चिखल चुकवत, प्लास्टिकचा कागद अंथरून काही बायका बसलेल्या दिसतात. डोक्यावर पदर, पुढ्यात पानांच्या जुड्या आणि वाटे. कुणी वाड्याकडून आलेली, कुणी शहापूरकडून, कुणी आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरून, पहाटेची पहिली गाडी धरून.

परवा अशाच एका मावशींपुढे मी उभी होते. शेजारी स्कूटी थांबली. पंचविशीतली मुलगी, गळ्यात कुठल्याशा गोडाऊनचं ओळखपत्र, बहुधा ड्युटी संपवून घरी निघालेली. तिनं लांब हिरव्या पात्यांच्या जुडीकडे बोट दाखवलं. "मावशी, हे गवत कसलं?"

मावशी हसल्या. "गवत नाय गो पोरी, फोडशी हाय. कवली हाय, घेऊन जा."

मुलीनं जुडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत ठेवली. "आम्हाला करता येत नाही हो," म्हणाली आणि गेली. तिच्या स्वरात तुच्छता नव्हती, थोडी लाजच होती. मला वाटतं, तिच्या आजीला ही भाजी नक्की येत असणार. आईला निम्मीअर्धी येत असणार. आणि ती मात्र "करता येत नाही" म्हणून पुढे निघून गेली. दोन पिढ्यांत एक भाजी घरातून उठून गेली, इतकं सोपं असतं ते.

मैत्रिणींनो, आज बोलायचंय ते या 'उठून गेलेल्या' पदार्थांबद्दल. मोठ्या पदार्थांबद्दल नाही. पुरणपोळी काही कुठे जात नाही, बिर्याणी तर मुळीच नाही. जाते ती ताटाची डावी बाजू.

आपल्याकडे पान वाढण्याची एक रीत आहे. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, भरीत हे सगळं डावीकडे. भाजी, उसळ उजवीकडे. लग्नाकार्यात, सणावाराला आपण ती रीत अजून पाळतो. पण रोजच्या ताटाचं काय? प्रामाणिकपणे आठवून पाहा. काल रात्री तुमच्या ताटात डावीकडे काय होतं? लोणच्याची फोड? की पापड? की काहीच नाही?

"अहो, वेळ कुठे असतो!" हे उत्तर मला ठाऊक आहे. मीही तेच देते. सकाळी डबे, मुलांची शाळा, पाण्याची वेळ, ट्रॅफिक. कामावर जाणाऱ्या बाईला अंजूरफाट्यावरून घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, आणि घरात शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न येतो, "आज भाजी काय?" एक भाजी, पोळ्या आणि वरणभात झाला की सुटलो असं वाटतं. त्यात कोशिंबीर म्हणजे 'पाहुणे आले तर'! म्हणजे आपल्या मनात ती शोभेची वस्तू होऊन बसली आहे, कपाटातल्या काचेच्या सेटसारखी.

पावकिलोचा हिशेब

आता जरा हिशेब मांडू या. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आपण रोज काय खावं याचं मार्गदर्शन करते. २०२४ साली तिनं नव्यानं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्या माणसासाठी दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. या भाज्यांत पालेभाज्याही आल्या. बटाटा मात्र या खात्यात धरू नका, तो पोट भरायच्या खात्यातला.

आपल्या चौकोनी कुटुंबात एका वेळेला किती भाजी येते? पावकिलो भेंडी किंवा पावकिलो गवार. दोन्ही वेळची मिळून अर्धा किलो. त्याला चौघांनी भागा. माणशी १२५ ग्रॅम! म्हणजे हवी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. चौघांना मिळून रोज १ किलो ६०० ग्रॅम भाजी लागेल, हा आकडा वाचून पिशवी आणि पाकीट दोन्ही हातातून गळून पडतील. मलाही धक्का बसला होता.

पण इथेच डावी बाजू कामाला येते. एक मध्यम काकडी, एक गाजर, अर्धा मुळा आणि मूठभर कोथिंबीर म्हणजे बघता बघता तीन-चारशे ग्रॅम भाजी होते. तिला ना गॅस लागतो, ना वाटणघाटण. दोन वेळच्या भाजीत दोन वेळच्या कोशिंबिरीची भर घातली की गाडी निम्म्याच्या पुढे सरकते. उरलेलं आमटीतला शेवगा, वरणातला पालक, थालीपिठातला कोबी भरून काढतो. हंगामातली भाजी घेतली तर खिशालाही ती फार जड होत नाही, कारण हंगामात माल उतू जातो आणि भाव उतरतो. डिसेंबरमधला टोमॅटो आणि जुलैमधला टोमॅटो यांच्या भावातला फरक कुठल्याही गृहिणीला वेगळा सांगायला नको.

आणखी एक हिशेब आहे, तो जरा कडू आहे. ही माणशी १२५ ग्रॅम भाजी खरंच चौघांत सारखी वाटली जाते का? सगळ्यांचं जेवण झाल्यावर शेवटी कोण बसतं? कढईच्या कडेला लागलेला मसाला पोळीनं पुसून कोण खातं? 'राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी'च्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या, २०१५-१६च्या फेरीत हाच आकडा ४८ टक्के होता. म्हणजे तो कमी व्हायच्या ऐवजी वाढला. तुमच्या भिशीतल्या दहा जणींपैकी पाच-सहा जणी, असा त्याचा अर्थ.

कोशिंबीर खाऊन रक्तक्षय बरा होतो असं मी म्हणणार नाही. रक्त तपासून घ्यायचं आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायच्या, त्याला पर्याय नाही. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. पालेभाजीतलं, कडधान्यातलं लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही. सोबत 'क' जीवनसत्त्व असलं तर ते जास्त चांगलं शोषलं जातं. आता डावी बाजू आठवा. लिंबू, आवळा, कैरी, कोथिंबीर! पालेभाजीच्या पानात लिंबाची फोड वाढायची ती उगीच नाही. आणि जेवण झाल्या झाल्या घोटभर चहा घेण्याची सवय असेल तर तो तासभर पुढे ढकला, चहा लोहाच्या वाटेत आडवा येतो.

गाव एक, कोशिंबिरी अनेक

भिवंडीत राहण्याचा एक फायदा आहे. इथे देशभरची माणसं मागाच्या खडखडाटात नांदतात आणि प्रत्येकाच्या घरी डाव्या बाजूचं काहीतरी असतंच. पद्मानगरमधल्या तेलुगू मैत्रिणीकडे मी पहिल्यांदा 'पचडी' खाल्ली तेव्हा गोंधळले होते. आपली पचडी म्हणजे बारीक चिरलेल्या कच्च्या कोबीची किंवा मुळ्याची, वर लिंबू आणि फोडणी. तिची पचडी म्हणजे परतलेल्या अंबाडीच्या पाल्याची झणझणीत चटणी! नाव एक, चव वेगळी. तिच्याकडची दह्यातली पचडी मात्र थेट आपल्या कोशिंबिरीची बहीण.

उत्तर प्रदेशातून आलेल्या शेजारणीचा 'चोखा' बघितला आणि हसू आलं. विस्तवावर भाजलेलं वांगं, कांदा, मिरची, कोथिंबीर, वर कच्चं मोहरीचं तेल. अहो, हे तर आपलं भरीतच की! मोहल्ल्यातल्या मैत्रिणीकडे जेवायला बोलावलं की कचुंबर आधी समोर येतं. कांदा, टोमॅटो, काकडी, लिंबू, पुदिना. बिर्याणीच्या जडपणावर त्याच्यासारखा उतारा नाही. गुजराती घरात कोबीचा किंवा कच्च्या पपईचा 'संभारो', तेलावर जेमतेम दोन मिनिटं परतलेला. आगरी घरांत थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लागते, भांबुर्डीच्या पाल्यात, मडक्यात, वरून आगटी. तेल नाही, पाणी नाही.

मागावरच्या कामगारांच्या भिशीतही (आपली पैशांची भिशी नव्हे बरं का, ही महिन्याच्या हिशेबावर चालणारी खाणावळ, कित्येक बायका घर सांभाळून अशी भिशी चालवतात) डाळ-भात-रोटीच्या थाळीत एक कांदा आणि एक हिरवी मिरची असते. बारा-बारा तास यंत्रापुढे उभं राहणाऱ्या माणसालाही ताटात काहीतरी कच्चं, करकरीत हवं असतं. मग आपल्याच ताटातून ते का हद्दपार व्हावं?

ऋतू जे देतो ते

आता थोडं कामाचं. 'सॅलड' म्हटलं की हल्ली ब्रोकोली, झुकिनी, लेट्यूस आणि बाटलीतलं ड्रेसिंग डोळ्यांसमोर येतं. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर खावं. पण शेंगदाण्याचा कूट, ओलं खोबरं, लिंबू आणि हिंगमोहरीची चरचरीत फोडणी यापेक्षा आणखी कसलं ड्रेसिंग हवंय? त्या चमचाभर तेलाचा उपयोगही आहे. गाजर-भोपळ्यातलं आणि पालेभाजीतलं कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच.

पावसाळा. या दिवसांत पोट मंद असतं, पाणी गढूळ असतं आणि पालेभाजीला चिखल असतो. त्यामुळे आपल्या जुन्या बायकांनी पावसाळ्यात कच्च्यापेक्षा वाफवलेल्याला पसंती दिली. लाल भोपळ्याचं भरीत करा. फोडी कुकरमध्ये वरण-भाताच्या वरच्या डब्यात ठेवायच्या, वेगळा गॅस नको. गार झाल्या की कुस्करायच्या, त्यात दही, मीठ, चिमूट साखर. वर मोहरी, चार मेथीदाणे, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी. दोडका आणला तर शिरा फेकू नका. त्या थोड्या तेलावर कुरकुरीत परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ घालून भरडायच्या. चार दिवस टिकणारी चटणी तयार, आणि खर्च शून्य! कोकणपट्टीतली वेलावरची काकडी याच दिवसांत येते. ती चोचवायची, दाण्याचा कूट, खोबरं, लिंबू, साखर घालायची आणि तुपात जिऱ्याची फोडणी द्यायची. मीठ मात्र अगदी पान वाढताना घाला, नाहीतर ताटात तळं होतं. आणि पाणी सुटलंच तर ओतून देऊ नका, त्यात थालीपीठ भिजवा.

रानभाज्यांचं म्हणाल तर सुरुवात सोप्यापासून करा. टाकळा, कुरडू, फोडशी या शिकाऊ बाईच्याही हाताला येणाऱ्या. फोडशीच्या मधला जून दांडा काढून टाकायचा, पाती दोन-तीन पाण्यांतून धुऊन बारीक चिरायची, कांद्यावर परतून भिजवलेली चणाडाळ घालायची. झाली भाजी. टाकळा कोवळा असला तर कांदा, मिरची आणि ओलं खोबरं पुरे. कंटोळ्यांच्या चकत्या तव्यावर खरपूस परतल्या की मुलंही खातात. भारंगी कडू, ती आधी उकडून, पिळून घ्यायची. शेवळं मात्र जाणत्या बाईला विचारल्याशिवाय करू नका. घसा खाजतो, म्हणून तर विकणाऱ्या मावशी सोबत आंबट काकडं देतात. आणि मुख्य म्हणजे, पुस्तकात चित्र बघून किंवा मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतः रानभाजी खुडायला जाऊ नका. दिसायला सारख्या पण खायला वाईट अशा वनस्पती असतात. ज्यांचा जन्म रानात गेला त्यांच्याकडूनच घ्या.

हिवाळा. हे दिवस कच्चं खायचे. गाजर, मुळा, बीट, कोबी, पातीचा कांदा, मेथी, ओले वाटाणे, सगळं कोवळं आणि स्वस्त. मुळा किसून त्यात भिजवलेली मुगाची डाळ, लिंबू आणि फोडणी. मुळ्याचा पाला विक्रेत्याला 'काढून टाका' म्हणू नका, पीठ पेरून त्याची दुसरी भाजी होते. एका पैशात दोन पदार्थ. कोवळ्या मेथीचा घोळाणा करून पाहा. मेथीची पानं, बारीक कांदा, दाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल, बस्स. बाजारात आवळे आले की लिंबाऐवजी एक आवळा किसून कुठल्याही कोशिंबिरीत टाका. तुरटपणा गाजराच्या गोडीत विरून जातो.

उन्हाळा. कैरी! किसलेली कैरी, किसलेला कांदा, गूळ, तिखट, मीठ आणि फोडणी, हा तक्कू दोन दिवस सहज राहतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंबेडाळ फक्त हळदीकुंकवापुरती का ठेवायची? भिजवलेली चणाडाळ आणि कैरी, प्रथिनं आणि 'क' जीवनसत्त्व एका वाटीत. कलिंगड खाऊन झालं की सालीलगतचा पांढरा भाग किसा आणि दह्यात कालवा, काकडी की कलिंगड हे कुणाला ओळखू येणार नाही. दुधीचं रायतं उन्हात थंड वाटतं, पण चिरताना दुधीचा बारीकसा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर सगळा दुधी टाकून द्या, 'वाया जाईल' म्हणून शिजवू नका. तो कडूपणा विषारी असतो.

आपल्या सणांनी हे वेळापत्रक कधीच लावून दिलं आहे. गुढीपाडव्याला कडुनिंबाची चटणी, आषाढात कांदेनवमीला कांद्या-वांग्याला निरोप, भाद्रपदात ऋषिपंचमीची बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेली भाजी, मार्गशीर्षात चंपाषष्ठीला पुन्हा वांग्याचं भरीत आणि जानेवारीत भोगीची तीळ घातलेली मिसळीची भाजी. उपास-तापास करा किंवा करू नका, पण 'या महिन्यात काय खायचं' हे लक्षात ठेवायची याहून सोपी डायरी मला तरी माहीत नाही.

धुण्याची गोष्ट

कच्चं खायचं म्हटलं की एक काळजी येते, आणि ती रास्त आहे. आपल्याकडे नळाला पाणी कधी येतं आणि पहिल्या पावसानंतर ते कुठल्या रंगाचं असतं, हे मी लिहायला नको. तेव्हा काही नियम पाळायचेच. पालेभाजी निवडून मग भांडंभर पाण्यात बुडवा, हातानं हलवा, माती तळाशी बसली की भाजी वर उचला. भाजी तशीच भांड्यात ठेवून पाणी ओतलंत तर माती परत तिच्यावरच बसते. असं तीन वेळा. पावसाळ्यात कच्च्या खायच्या भाजीला शेवटचं पाणी उकळून गार केलेलं वापरा. साबण किंवा पावडर लावू नका. आधी धुवा, मग चिरा. बाजारात चिरून ठेवलेली भाजी, रस्त्यावर कापून ठेवलेली काकडी, या दिवसांत नकोच. कोशिंबीर जेवायच्या आधी दहा मिनिटं करा, उरली तर रात्रीपर्यंत बाहेर ठेवू नका. घरात कुणी गरोदर असेल किंवा आजारातून उठलेलं असेल तर त्यांना वाफवलेलंच द्या. मोडाची कडधान्यंसुद्धा वाफवून. मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असे पथ्याचे रुग्ण असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

कोण चिरणार?

१९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. वाटी आणि चमच्याच्या मापानं स्वयंपाक सांगणारं ते पुस्तक घरोघरी पोचलं. माहेरापासून लांब, एकटीनं संसार थाटणाऱ्या किती मुलींना त्यानं हात धरून शिकवलं! माझ्या आईच्या प्रतीची पानं तेलानं पारदर्शक झाली आहेत. पण ते पुस्तक भेट द्यायचं ते लेकीला, सुनेला. लेकाला कुणी दिलं?

मला वाटतं, डावी बाजू परत आणायची असेल तर ती बाईच्या यादीत आणखी एक काम म्हणून आणता येणार नाही. आधीच ती यादी लांबलचक आहे. त्यात 'आरोग्यासाठी रोज कोशिंबीर' असं मी लिहिलं तर तुम्ही हा अंक मिटून ठेवाल आणि ते योग्यच होईल. म्हणून माझी सूचना वेगळी आहे. कोशिंबीर हे खातं घरातल्या बाकीच्यांकडे द्या. तिला विस्तव नको, पोळी लाटण्याचं कसब नको. काकडी सोलता येणारा दहा वर्षांचा मुलगा ती करू शकतो. टीव्हीपुढे बसून शेंगदाणे सोलणारे आजोबा कूट करून देऊ शकतात. नवऱ्याला तर किसणी आणि एक गाजर दिलं की पुरे. पहिल्या दिवशी मीठ जास्त होईल, गाजराबरोबर बोटाचं सालही निघेल. निघू द्या. आपणही असंच शिकलो ना?

माझ्याकडे लेकानं पहिल्यांदा कोशिंबीर केली तेव्हा त्यानं काकडी चौकोनी, जिलबीच्या तुकड्याएवढी चिरली होती आणि दाण्याचा कूट घालायचा तो रवा घातला होता. आम्ही सगळ्यांनी ती निमूटपणे संपवली. आज तो हॉस्टेलवर राहतो, आणि मेसच्या जेवणात रोज एक कांदा-टोमॅटो स्वतः चिरून घेतो. फोनवर सांगतो, "आई, लिंबू महाग झालंय गं!" लिंबाचा भाव मुलाच्या तोंडून ऐकण्यात काय समाधान असतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

रानाचा बांध

शेवटी पुन्हा त्या मावशींकडे येऊ. मी त्यांना विचारलं, "यंदा कुरडू कमी दिसतोय." त्या म्हणाल्या, "बांधच ऱ्हायला नाय, ताई. भरणी केली, गोडाऊन झाला." मानकोलीपासून पडघ्यापर्यंत रस्त्यानं गेलं की दुतर्फा पत्र्याच्या भिंती दिसतात. देशभरात जाणारा माल तिथे साठतो. त्यानं पोरींना नोकऱ्या दिल्या, हे नाकारून चालणार नाही. ती स्कूटीवरची मुलगी त्याच पगारावर घराला हातभार लावत असणार. पण ज्या भातशेतीच्या बांधावर कुरडू उगवायचा, ज्या माळावर टाकळा माजायचा, तेही त्याच भरणीखाली गेलं. आणि भाजी गेली की भाजीचं ज्ञानही जातं.

२०२०पासून कृषी विभाग जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे ९ ऑगस्टच्या सुमारास ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. जवळपास कुठे भरला तर मुलांना घेऊन नक्की जा. पण महोत्सव वर्षातून एकदा, आणि मावशी आठवड्यातून दोनदा बसतात. त्यांच्याकडून एक जुडी घ्या. वीस रुपयांच्या जुडीसाठी पाच रुपयांची घासाघीस करू नका. त्या मोलात भाजी, पहाटेची पायपीट आणि कृती, तिन्ही मिळतं. "कशी करायची मावशी?" एवढं विचारलंत की त्या जीव तोडून सांगतात. मी पाहिलंय, त्यांचा चेहरा उजळतो.

मला परत ती मुलगी भेटली तर तिला सांगणार आहे, "अगं, मलाही येत नव्हती. विचारलं आणि आली."

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करू या. एक नवी जुडी आणायची. कोशिंबिरीचं खातं घरात कुणाकडे तरी सोपवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पानं वाढताना पहिली वाटी स्वतःची काढून झाकून ठेवायची. सगळ्यांना वाढून उरली तर खाईन, असं नाही. आधी काढायची. कुणी हसलं तर हसू द्या.

डावी बाजू पाहुण्यांची नसते. ती आपलीही असते.